घरचं अमारेत्तो: सारोन्नोतल्या नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२४

१५ जून, शनिवार

सारोन्नोत राहायला येऊन चार वर्षं झाली. मिलानहून गाडीनं जेमतेम अर्ध्या तासाचं गाव. जगाला ते माहीत आहे एका चौकोनी बाटलीमुळं. बाटलीतलं ते तपकिरी, गोड, बदामाच्या वासाचं लिकर म्हणजे अमारेत्तो. इथं घरोघरी काही ना काही मुरत असतं. कुणी लिंबाच्या सालीचं लिमोनचेल्लो घालतं, कुणी कोवळ्या अक्रोडाचं नोचिनो. म्हटलं, आपण अमारेत्तो करून बघू. कुणाला करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतेय. एक आधीच सांगते, ही ऊर्ध्वपातनाची भानगड नाही. ते घरी करायला इटलीत बंदी आहे. विकतच्या अल्कोहोलमध्ये भिजवायचं, गाळायचं, पाक घालायचा, एवढंच.

आज विकतची बाटली उघडून चव लिहून काढली, म्हणजे पुढं तुलना करता येईल. जिभेवर टेकताच करपवलेली साखर. मग बदाम, पण शिऱ्यातला नव्हे. सकाळी भिजवलेल्या पाच बदामांत एखादा कडू निघतो आणि आपण तोंड वेडंवाकडं करून थुंकतो, त्या बदामाचा वास, फक्त साखरेत बुडवलेला. शेवटी घशाशी किंचित कडवटपणा राहतो. नावातही तेच आहे. ‘आमारो’ म्हणजे कडू, ‘अमारेत्तो’ म्हणजे थोडंसं कडू. प्रेमाशी, म्हणजे ‘आमोरे’शी, काही संबंध नाही. दुकानातल्या पाट्या काही म्हणोत.

प्रयोग पहिला लगेच लावायचा होता. २०० ग्रॅम साधे बदाम सालीसकट भाजले, जाडसर कुटले. अल्कोहोल आणायला नवऱ्याला पाठवलं. तो गुलाबी रंगाची लिटरची बाटली घेऊन आला. लेबलवर ९० टक्के लिहिलंय, शिवाय स्वस्तात मिळाली म्हणून स्वारी खूश. ते काचा पुसायचं स्पिरिट होतं. पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात मुद्दाम भेसळ करतात, आणि कुणी चुकून पिऊ नये म्हणून रंग. ती बाटली बाथरूममध्ये गेली. खाण्याचं अल्कोहोल पाण्यासारखं स्वच्छ असतं, ९५ किंवा ९६ टक्के लिहिलेलं असतं आणि सुपरमार्केटात दारूच्या रांगेत मिळतं, फिनेलच्या नाही. लिटरला १५ युरो गेले. बदामांवर ४०० मिली ओतून बरणी फडताळात ठेवली.

३० जून, रविवार

दोन आठवडे झाले. रंग छान आला, फिक्या चहासारखा. वास भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळचा. चमचाभर पाण्यात घालून चाखलं तर बदामाची साल चघळल्यासारखं तुरट लागलं. अमारेत्तोचा मागमूस नाही. वर पाणी पडताच सगळं दुधाळ झालं आणि काठाला तेलाचा तवंग आला. बदामात निम्मं तेल असतं, ते कडक अल्कोहोलमध्ये थोडंफार उतरतं आणि पाणी घातलं की बाहेर पडतं.

तेलावर उपाय सापडला. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं, तेलाचा थर घट्ट झाला आणि थंड असतानाच कॉफीच्या फिल्टरमधून गाळलं. द्रव बराच स्वच्छ झाला. पण चवीवर उपाय नाही, कारण गोड बदामात ती चव नसतेच. कडू बदामात एक द्रव्य असतं, अमिग्डॅलिन. ते मोडलं की बेंझाल्डिहाइड तयार होतं, आणि आपण ज्याला ‘बदामाचा वास’ म्हणतो तो या बेंझाल्डिहाइडचा. गोड बदामात अमिग्डॅलिन नावालाच. बेकरीतल्या केकला येतो तो बदामी वास खऱ्या बदामाला का येत नाही, हे लहानपणापासूनचं कोडं अशा रीतीनं चाळिशीत सुटलं.

वाया गेले: बदामांचे ३ युरो २० सेंट, ४०० मिली अल्कोहोल, १५ दिवस.

६ जुलै, शनिवार

खालच्या मजल्यावरच्या सिन्योरांना बरणी दाखवली. वय ऐंशीच्या पुढं. दर २४ जूनला, सान जोव्हान्नीच्या दिवशी, हिरवे अक्रोड आणून नोचिनो घालतात. त्यांनी वास घेतला आणि हसून म्हणाल्या, “बदाम कशाला घातलेस? आर्मेलीने घालतात.”

आर्मेलीने म्हणजे जर्दाळूच्या कठीण बीतला गर. सारोन्नोची प्रसिद्ध अमारेत्ती बिस्किटं त्याचीच. त्या चौकोनी बाटलीवाल्या दिसारोन्नोत तर बदाम मुळीच नाही, जर्दाळूच्या गराचं तेल आहे. कंपनी स्वतःच सांगते की त्यात कोणताही सुकामेवा नाही. २८ टक्के अल्कोहोल, करपवलेली साखर आणि आणखी सतरा वनस्पती नि फळं असा त्यांचा मसाला. बदामाची म्हणून जगभर विकली जाणारी चव निघाली जर्दाळूची.

आईला फोन केला. “दारू करतीयस होय गं?” हा पहिला प्रश्न. जर्दाळूचं सांगितल्यावर मात्र खुलली. “अगं, तू आणि दादा उंबऱ्यात बसून खलबत्त्यानं फोडायचात की बिया. जर्दाळू राहिले बाजूला, आतल्या बदामासाठी भांडणं.” खरंच होतं ते. वाळलेल्या जर्दाळूतल्या त्या बिया गोड असायच्या. मला वाटलं, इथल्याही तशाच असतील.

दोन किलो ताजे जर्दाळू आणले, ७ युरो. मुरांबा केला, बिया धुऊन वाळवल्या. ४३ बिया. त्या फोडताना लादीला टवका गेला, एक बी उडून गॅसमागं पडली आणि हातोडी अंगठ्यावर बसली ती वेगळीच. गर भरला २३ ग्रॅम. दोन किलोतून तेवीस ग्रॅम!

७ जुलै, रविवार

हा दिवस नीट वाचा. बाकी सगळं विसरलं तरी चालेल.

गराचा एक तुकडा चावून बघितला. आधी काहीच नाही, मग जिभेला झोंबणारा कडूपणा. थुंकला. सांगलीच्या उंबऱ्यातला बदाम नव्हता हा. कोरड्या गराला वास नव्हता. बशीत दोन गर चेचून त्यावर चार थेंब पाणी टाकलं आणि मिनिटभरात सगळ्या स्वयंपाकघरात अमारेत्तोचा वास दरवळला. इतका नेमका की मी नवऱ्याला हाक मारली. सापडलं म्हणून उरलेला गर कुटून २५० मिली अल्कोहोल आणि थोड्या पाण्यात टाकलासुद्धा.

वाचायला बसले ते त्यानंतर. उलट करायला हवं होतं. गर चेचला आणि ओला झाला की त्यातलं एंझाइम अमिग्डॅलिनला भेटतं आणि तीन गोष्टी तयार होतात: साखर, तो वास आणि हायड्रोजन सायनाइड. वास आला म्हणजे त्याच्या जोडीनं विष तयार झालंच. वेगळा मार्ग नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलंय की प्रौढ माणसानं एका वेळी तीनपेक्षा जास्त लहान कच्चे गर खाल्ले तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. तान्ह्या-रांगत्या पोराच्या बाबतीत एक लहान गरही ती मर्यादा ओलांडायला पुरतो. मी चाळीस गर बरणीत घातले होते.

भाजून घेतलं तर? तेही वाचलं. भाजल्यानं एंझाइम मरतं, पण अमिग्डॅलिन गरात तसंच राहतं आणि पोटातले जिवाणू ते मोडू शकतात. शिवाय एंझाइम मेलं की वासही जातो. उकळून सायनाइड उडवतात असंही ठिकठिकाणी लिहिलेलं आहे. ते सव्वीस अंशालाच वायू होतं हे खरं, पण किती गेलं आणि किती उरलं हे घरी मोजायचं कशानं? आणि तो वायू आपल्याच स्वयंपाकघरात. कारखान्यात तेल काढल्यावर विष वेगळं करतात आणि तपासून बघतात. माझ्याकडं आहे एक गाळणं.

बरणी ओतून दिली. गराचा चोथा पिशवीत बांधून कचऱ्यात. सिन्योरांना सांगितलं तर म्हणाल्या, त्यांची आजी असंच करायची आणि कुणाला काही झालं नाही. असेल. आजी एका बरणीत किती गर घालायची हे त्यांना आठवत नव्हतं.

वाया गेले: २५० मिली अल्कोहोल, एक सकाळ, अंगठा. मुरांबा उत्तम झाला.

१३ जुलै, शनिवार

चिडून दोन दिवस विषय काढला नाही. आज देवळात गेले, म्हणजे सांतुआरिओत, माउलीच्या चमत्कारांच्या चर्चमध्ये. बेर्नार्दिनो लुईनीची भित्तिचित्रं तिथं आहेत. लिकरची दंतकथा तिथूनच सुरू होते. १५२५ साली तो इथं चित्रं काढत होता, मेरीच्या चेहऱ्यासाठी त्यानं खाणावळीच्या विधवा मालकिणीला समोर बसवलं आणि तिनं जर्दाळूचा गर ब्रँडीत भिजवून त्याला भेट दिला. लुईनी इथं होता आणि चित्रं अजून भिंतीवर आहेत, एवढं डोळ्यांनी दिसतं. बाकी गोष्ट बाटली विकणाऱ्यांची आहे. मान वर करून घुमटातले वाद्यं वाजवणारे देवदूतही बघितले, ते गाउदेन्त्सिओ फेर्रारीचे. मानेला रग लागली.

पण खेप फुकट गेली नाही. येताना बिस्किटं घ्यायला थांबले आणि तिथं लक्षात आलं की गावात अमारेत्तोची दुसरी परंपरा आहेच. लात्झारोनी नावाची कंपनी १८५१ पासून लिकर करते ते अमारेत्ती बिस्किटं भिजवून. त्यांचं २४ टक्क्यांचं. बिस्किट म्हणजे साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि जर्दाळूचा गर. नियमात बसवून, तपासून बाजारात आलेला माल. विषाची काळजी माझ्या गळ्यात नाही. चव त्यात आधीच आहे. मी उगाच हातोडी घेऊन बसले होते.

ऑगस्ट

काही नाही. आम्ही सांगलीत होतो.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

दीड दिवसाचा गणपती. बरण्या माळ्यावर.

१४ सप्टेंबर, शनिवार

प्रयोग तिसरा. कडक, कुरकुरीत अमारेत्ती घ्यायची. मऊ घेऊ नका, तिचा लगदा होतो.

१५० ग्रॅम बिस्किटं हातानं चुरली. ५०० मिली अल्कोहोल (नवी बाटली, पुन्हा १५ युरो), ३०० मिली पाणी. म्हणजे साधारण ६० टक्क्यांचं द्रावण. पाणी का, तर नुसत्या ९५ टक्क्यांत साखर विरघळत नाही आणि बिस्किट दगडासारखं तळाशी बसून राहतं. अर्धी व्हॅनिलाची शेंग चिरून टाकली. रोज एकदा बरणी हलवायची.

२४ सप्टेंबर, मंगळवार आणि पुढचे चार दिवस

दहा दिवस झाले. वास आलाय! हलका, पण तोच.

गाळण्यात मात्र दोन संध्याकाळी गेल्या. बिस्किटाचा चिखल कॉफीच्या फिल्टरमध्ये ओतला तर दहा मिनिटांत एक चमचा खाली आला. बलकाची साय कागदाची भोकं बुजवते. तिसरा फिल्टर फाटला आणि गाळलेल्यात पुन्हा चिखल. मग चक्क्याचं फडकं काढलं. श्रीखंडासाठी दही टांगतो तसं नळाला टांगलं. रात्रीतून बरंच उतरलं, पण सकाळी घाई होती, गाडी गाठायची होती, म्हणून मी फडकं पिळलं. सगळं गढूळ! पिळू नका. थेंब थेंब पडू दे, ऑफिसला उशीर झाला तरी चालेल.

गढूळ द्रव फ्रिजमध्ये दोन दिवस स्थिर ठेवला. गाळ खाली बसला, वरचं नितळ बारीक नळीनं ओढून घेतलं आणि मग फिल्टरमधून सोडलं. आता सरसर गेलं. हा क्रम आधीच ठेवला असता तर: फडकं, फ्रिज, नळी, शेवटी कागद. ८०० मिलीमधून हाती आले ६५०. बाकी चोथ्यानं प्यायले.

२८ सप्टेंबर, शनिवार

रंग आणि कडवटपणा यांसाठी साखर करपवायची. पहिल्यांदा १०० ग्रॅम साखर जाड पातेल्यात घेतली आणि रंग काळाभोर होऊ दिला. म्हटलं, थोडं कडू हवंच आहे. खोली धुरानं भरली, चव कोळशाची. फेकली. दुसऱ्यांदा तांब्याच्या जुन्या पैशाचा रंग आला आणि पहिला धूर निघाला तसा गॅस बंद. त्यात गरम पाणी, अगदी थोडं थोडं. गार पाणी घातलं की साखर ज्वालामुखीसारखी उडते. मनगटावर एक ठिपका राहिलाय.

मग उरलेली २५० ग्रॅम साखर त्यातच घालून एकूण ५५० मिली पाण्यात पाक केला. तार वगैरे नको, साखर विरघळली की बस. पूर्ण गार होऊ दिला.

२९ सप्टेंबर, रविवार

पाक आणि अर्क एकत्र. सुमारे १ लिटर ४०० मिली झालं. मोजायला ९ युरोंचं अल्कोहोलमीटर आणलं होतं. त्यात सोडलं तर ते शून्याच्याही वर तरंगायला लागलं. नवरा म्हणाला, सरबत केलंस का? नाही. साखरेनं द्रव जड होतो आणि हे यंत्र फक्त पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणासाठी असतं. लिकरला त्याचा उपयोग नाही. नऊ युरो पाण्यात, शब्दशः. हिशेब कागदावर करायचा: ६५० मिलीत साधारण ३८० मिली शुद्ध अल्कोहोल, ते १४०० मध्ये, म्हणजे २६ ते २७ टक्के.

चव चांगली, पण विकतच्यापुढं बदाम दबलेला. इथं केकसाठी बदामी अर्काच्या बोटभर कुप्या मिळतात, त्यातली एक उघडली. आधी १०० मिली वेगळं काढलं हे शहाणपण. त्यात पाच थेंब टाकले आणि ते खोकल्याचं औषध झालं. सिन्योरांनी वास घेतला आणि म्हणाल्या, “कोक्कोइना!” शाळेतला पांढरा डिंक इथं अल्युमिनियमच्या डबीत मिळायचा, त्याला असाच बदामाचा वास. तो नमुना मोरीत. उरलेल्या १३०० मिलीत एक थेंब, ढवळून दुसरा, अर्धा तास थांबून तिसरा. तिसऱ्याला थांबले. हे थेंब जिभेपेक्षा नाकाला आधी कळतात आणि दहा मिनिटांत नाक थकतं. म्हणून एका बैठकीत करू नका.

गळ्यापर्यंत भरून दोन बाटल्या, दुसरी थोडी अपुरी. अंधारात ठेवल्या.

१२ ऑक्टोबर, दसरा

राहवलं नाही. अल्कोहोल अजून टोचतंय, पण श्रीखंडात घालून बघायचं होतं. पाव किलो चक्क्याला दोन चमचे, साखर नेहमीपेक्षा कमी. वेलदोडा घातला नाही, आणि ते बरं झालं. वेलदोडा आणि हा वास एकमेकांवर ओरडतात. जायफळ चाललं असतं. वर एक अमारेत्ती चुरून. मला आवडलं. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, “देवाला त्यातलं नव्हतं ना ठेवलंस?” नव्हतं. नैवेद्य आधी काढला होता.

२ नोव्हेंबर, पाडवा

पाच आठवड्यांनी टोचणं गेलं. मिलानची आपली चार घरं फराळाला आली होती, त्यांना दोन पेल्यांत झाकून दिलं, एकात विकतचं, एकात घरचं. सातांपैकी पाच जणांनी विकतचं बरोब्बर ओळखलं. त्याचा वास जास्त ठसठशीत. पण प्यायला तिघांनी घरचं मागितलं. चिवड्याबरोबर, आश्चर्य म्हणजे, छान जातं.

नुसतं प्यायचं तर एक बर्फाचा खडा, जास्त नको. जेवणानंतरच्या एस्प्रेसोत चमचाभर उत्तम. स्कॉच आणि अमारेत्तो समसमान घालून करतात ते गॉडफादर नावाचं कॉकटेल मला पाकातलं वाटतं. स्कॉच तिप्पट घ्या. अमारेत्तो सावर हे दुसरं कॉकटेल विकतच्या बाटलीतल्या लिंबाच्या मिक्सनं बदनाम झालंय, ताजा लिंबू पिळून बघा. पोर्टलंडच्या जेफ्री मॉर्गेन्थालर नावाच्या बारटेंडरनं २०१२ मध्ये त्यात थोडी कडक बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की, आणि अंड्याचा पांढरा बलक घातला. बर्बनमुळं गोडवा मोडतो, ती युक्ती खरी आहे. तिरामिसूत घालतात, पण तिथं कॉफीपुढं ते हरवतं. सगळ्यात चांगलं जमलं ते सप्टेंबरातल्या शेवटच्या पीचमध्ये. अर्धी फोड, मधे चुरलेली अमारेत्ती, थोडं लोणी, भट्टीत वीस मिनिटं आणि बाहेर काढल्यावर वरून एक चमचा. पिएमोंते प्रांताकडची पद्धत आहे. त्यासाठी तेव्हा विकतचंच वापरलं होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

हिशेब. अल्कोहोल ३० युरो, साधे बदाम ३.२०, जर्दाळू ७, बिस्किटं ४.५०, व्हॅनिला ५, साखर १, कुपी २, मीटर ९, फिल्टर आणि नळी ६. एकूण ६७ युरो ७० सेंट. गुलाबी स्पिरिट धरलं नाही, त्यानं खिडक्या पुसल्या. फक्त तिसऱ्या प्रयोगाचा खर्च काढला तर जेमतेम २० युरो, दोन बाटल्यांसाठी. विकतची एक १४ ला पडते.

पुण्याच्या मैत्रिणीनं विचारलं, तिकडं कसं करू? ९५ टक्क्यांचं खाण्याचं अल्कोहोल तिथल्या दुकानात मिळत नाही आणि त्याऐवजी सॅनिटायझर किंवा प्रयोगशाळेतलं स्पिरिट चालत नाही म्हणजे नाही. ४० टक्क्यांची साधी व्होडका ७०० मिली घे, त्यातच बिस्किटं भिजव, पाण्यात ती आपोआप सुटतात. पाक २५० ग्रॅम साखर आणि १५० मिली पाण्याचा, त्याहून जास्त पाणी घातलंस तर फिकं होईल. अमारेत्ती मिळाली नाही तर करपवलेली साखर, व्हॅनिला आणि बदामाच्या खाद्य इसेन्सचे दोन थेंब. जर्दाळूच्या बिया फोडू नकोस.

एक बाटली सिन्योरांना दिली. काल जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, अजून थोडी करपव.